एक प्यादं वर असताना मी बरोबरी का मागितली?

एका बुद्धिबळ खेळणाऱ्यानं आपला डाव पाठवून विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. चोपड्याकडचे एक शिक्षक, वय चौतीस, रेटिंग (खेळाची ताकद दाखवणारा आकडा) १४८०. जळगावच्या खुल्या रेटिंग स्पर्धेत पहिल्याच फेरीत समोर १८९० चा खेळाडू आला. वेळ ९० मिनिटं, शिवाय दर चालीला ३० सेकंद. पांढरी मोहरी यांच्याकडे. बाविसाव्या चालीला एक प्यादं जिंकलं. अठ्ठाविसाव्या चालीला यांनी बरोबरी विचारली, समोरच्यानं काही न बोलता पुढची चाल केली. चौतिसाव्याला पुन्हा विचारली, तेव्हा त्यानं हात वर करून पंचांना बोलावलं. एकसष्टाव्या चालीला डाव सोडला. आता विचारतात की मोठ्या खेळाडूविरुद्ध मारामारी करून, म्हणजे मोहऱ्यांची अदलाबदल करून, डाव लवकर सोपा करावा की गुंतवून ठेवावा? बरोबरी कधी मागावी? आणि असे लोक नेमके पहिल्याच फेरीत माझ्या वाट्याला का येतात?

शेवटचा प्रश्न आधी संपवतो, कारण त्यात नशिबाचा काही भाग नाही. जोड्या लावायच्या स्विस पद्धतीत पहिल्या फेरीला रेटिंगप्रमाणे यादी लावतात, मधोमध कापतात आणि वरच्या अर्ध्यातल्या पहिल्याला खालच्या अर्ध्यातल्या पहिल्यासमोर बसवतात. १२० जण असतील तर एक नंबर एकसष्टशी, दोन नंबर बासष्टशी. म्हणजे खालच्या अर्ध्यात असलेल्या प्रत्येकाला पहिल्या फेरीला मोठाच माणूस मिळणार. मनाची तयारी एसटीत बसतानाच करायची, भिंतीवर पेअरिंग (जोड्यांची यादी) लागल्यावर नाही.

आता खरा मुद्दा. तुम्ही विचारताय डावाच्या धोरणाबद्दल, पण तुम्ही दिलेल्या चाली मी पटावर मांडून बघितल्या आणि मला तिथे वेगळंच दिसलं. तेवीस चालींपर्यंत तुम्ही मोहऱ्यांशी खेळताय. चोविसाव्या चालीपासून तुम्ही १८९० या आकड्याशी खेळताय.

या आकड्याचा हिशेब एकदा करून टाकू. अर्पाद एलो या अमेरिकेतल्या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकानं बसवलेली ही रेटिंग पद्धत फिडेनं, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघानं, १९७० मध्ये स्वीकारली. तुमच्यात फरक ४१० चा. फिडेच्या तक्त्यानुसार तुमच्याकडून अपेक्षा ०.०८ गुणाची, म्हणजे असे शंभर डाव झाले तर तुमच्या नावावर सगळे मिळून आठ गुण. तुमचा के (एका डावात रेटिंग किती हलेल ते ठरवणारा गुणक) २०, म्हणून हरलात तर रेटिंगमधून १.६ जातात, बरोबरी झाली तर ८.४ येतात, जिंकलात तर १८.४. अठरा वर्षांखालच्या मुलाचा के ४० असतो, त्याला हे सगळं दुप्पट. त्या खुर्चीत बसून तुम्ही घालवणार होता ते रेटिंगचे दीड-पावणेदोन गुण. समोरच्याचा के पण २० धरला तर बरोबरीत त्याचे ८.४ जाणार होते. आता सांगा, टेबलावर घाबरायचं कोणी?

पण इथे एक अट आहे. या आकड्यावर किती विश्वास ठेवायचा ते माणसागणिक बदलतं. २०२४ च्या मार्चमध्ये फिडेनं दोन हजारांच्या खालची सगळी रेटिंग एका फटक्यात वर ओढली: दोन हजाराला जितके कमी, त्याच्या चाळीस टक्के वाढ. त्या दिवशी ज्याचं ११३३ होतं तो १४८० झाला आणि १८१७ चा १८९० झाला. म्हणजे आज कागदावर चारशेचा दिसणारा फरक जुन्या मापानं पावणेसातशेच्या वर होता. दुसरीकडे आपल्या भागातली पोरं वर्षातून एखाद-दोन रेटिंग स्पर्धा खेळतात, कारण नाशिक-पुण्याला जायचं म्हणजे मुक्काम, प्रवास, आईवडलांची रजा. त्यांचं रेटिंग दोन वर्षं जुनं असतं आणि खेळ मात्र ताजा. म्हणून यावल-रावेरच्या बारा वर्षांच्या पोराचं १४५० बघून मी कधी पाय पसरून बसत नाही. तुम्ही मात्र चौतीस वर्षांचे, नियमित खेळणारे, म्हणजे तुमचं १४८० बऱ्यापैकी खरं असावं. त्याचं १८९० पण.

दिव्या देशमुखचं उदाहरण हल्ली प्रत्येक जण देतो. नागपूरची पोरगी, पंधरावं मानांकन, २०२५ मध्ये बातुमीला महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत कोनेरू हंपीसारखीला जलद डावात हरवते आणि थेट ग्रँडमास्टर होते. अभिमान आहेच. पण तुमच्या प्रश्नाला ते लागू नाही, कारण त्या दोघींतला फरक शंभराच्या आत होता. शंभराचा फरक म्हणजे त्या दिवशी कोण नीट झोपलं यावर डाव जातो. चारशेचा फरक म्हणजे समोरच्याला अशा काही गोष्टी माहीत आहेत ज्या तुम्हाला माहीत नाहीत, आणि हे मान्य करूनच पुढे बोलायचं.

मग तो जास्तीचा माल त्याच्याकडे नेमका कुठे असतो? मी पंचवीसेक वर्षं दोन्ही खुर्च्यांत बसलोय, शिवाय शनिवार-रविवार मुलांना शिकवतो, त्यावरून सांगतो. ओपनिंगमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या चालींत, फार नसतो. तुमच्या पहिल्या दहा चाली पाठ असतील तर तिथे १८९० वाला तुम्हाला उडवत नाही. मध्य डावात, दोन्ही राजांवर थोडं थोडं ऊन पडलेलं असताना, त्यालाही चुका होतात. खरा फरक पडतो तो जिथे वरवर काही घडत नाही तिथे. वजीर गेलेत, चार-पाच मोहरी उरलीत, पट शांत आहे, आणि तुम्हाला वाटतं आता काय व्हायचंय. तिथे तो प्रत्येक चालीला मुंगीएवढं काहीतरी सुधारत असतो आणि तुम्ही हत्ती इकडून तिकडे हलवत असता.

म्हणून ‘मारामारी करून डाव सोपा करावा’ हा जो सल्ला क्लबात बाकड्यावर बसून दिला जातो तो मला अर्धवट वाटतो. सोपा कोणासाठी? वजीर मारले की तुमची मात होण्याची भीती जाते हे खरं, पण त्याचीही जाते, आणि त्याच्याकडे पुढचे तीन तास खेळायची तयारी आहे.

आता तुमची चोविसावी चाल. (घरांची नावं अशी: ए ते एच उभ्या रांगा, १ ते ८ आडव्या पट्ट्या, पांढऱ्याच्या बाजूनं मोजलेल्या.) तुमचा घोडा डी४ ला बसलाय, खालून सी३ च्या प्याद्याचा आधार, आणि तुमचं जास्तीचं प्यादं हेच. तो घोडा तिथून हलवणारं कोणी नाही. काळ्याचा उंट डी७ ला, पुढे स्वतःचीच ई६ आणि डी५ ची प्यादी, म्हणजे खोलीत कोंडलेला माणूस. फ्रेंच बचाव (काळ्याची एक सुरुवात) खेळणाऱ्यांचं हे जन्माचं दुखणं. त्याचा सगळ्यात वाईट मोहरा तो, तुमचा सगळ्यात चांगला हा. आणि तुम्ही काय केलंत? घोडा बी५ ला नेला आणि त्या उंटाला बोलावलं. त्यानं आनंदानं घोडा मारला, तुम्ही ए४ च्या प्याद्यानं परत मारलं. मोहऱ्यांची एक जोडी कमी झाली, हिशेब बरोबर राहिला. पण उघड्या पडलेल्या सी३ वर त्याचा सी८ चा हत्ती रोखलेला आहे, तुमचं बी५ चं प्यादं एकटं पुढे गेलंय, आणि त्याची खोलीतली अडचण तुम्हीच खोली रिकामी करून सोडवलीत. सत्ताविसाव्याला वजीर गेले. अडतिसाव्याला सी३ पडलं, पुढे बी५ पण.

ही चाल तुम्हाला कळत नव्हती असं मी मानायला तयार नाही. तुम्ही पोरांना शिकवता तेव्हा ‘चांगला घोडा, वाईट उंट’ तुम्हीच सांगत असाल. हाच डाव शाळेतल्या सहकाऱ्याशी असता तर तुम्ही घोडा मरेपर्यंत डी४ वरून हलवला नसता. मी तुमच्या जागी असतो तर त्या क्षणी पंधरा मिनिटं देऊन एकच गोष्ट शोधली असती: सी३ ला आणखी आधार कुठून आणू. हत्ती ई१, मग ई३, तिसऱ्या पट्टीवरून आडवा आधार. मग राजासमोर जी३ करून एक खिडकी. आणि मग त्याला म्हणायचं, कर काय करायचं ते. अशा स्थितीत मोठ्या खेळाडूलाच घाई होते, कारण बरोबरी त्याला परवडत नाही. तो काहीतरी वाकडं करायला जातो. आमच्यासारख्यांचे अर्धे पराभव तिथलेच आहेत.

हे मी शहाणपणा म्हणून सांगत नाही. तीन-चार वर्षांपूर्वी अमळनेरच्या एका स्पर्धेत माझ्यासमोर दहा-अकरा वर्षांची एक मुलगी होती, रेटिंग माझ्याहून साडेतीनशेनं कमी. मे महिना, मंगल कार्यालय, कूलरचा आवाज एवढा की घड्याळ दाबल्याचं ऐकू येत नव्हतं. तिला एक प्यादं जास्त मिळालं. मी मनात म्हटलं, ठीक आहे, आता ही मारामारी सुरू करेल. पोरगी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली. खरंच, तळव्यांवर बसली होती. चाल सुचली की आधी बाकीचा पट डोळ्यांनी फिरून यायचा, मग उजवा हात बाहेर निघायचा. एकदाही तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं नाही. मी दोनदा मुद्दाम वजीर समोर धरला, घे म्हणून. तिनं बाजूला नेला. चाळिसाव्या चालीच्या आसपास मी कंटाळून एक प्यादं पुढे ढकललं, ते उघडं पडलं, तेही गेलं. नंतर बाहेर ती केळीचे वेफर्स खात बापाला सांगत होती, “काका सारखे वजीर मारायला लावत होते.” तिला सगळं दिसत होतं!

गुंतागुंत करावी का, या दुसऱ्या टोकाबद्दलही बोलतो, कारण काही जण लगेच तिकडे उडी मारतात. आदल्या रात्री यूट्यूबवर पाहिलेला गॅम्बिट (सुरुवातीलाच प्यादं देऊन केलेला हल्ला) दुसऱ्या दिवशी खेळणं म्हणजे परक्या गावात रात्री आडवाट धरणं. गोंधळ तुमच्या ओळखीचा असेल तर जरूर घाला. जे ओपनिंग तुम्ही पन्नास वेळा खेळलात, ज्यात प्यादी कुठे तुटतात, घोडा कुठे जातो हे हाताला माहीत आहे, तेच त्या दिवशीही खेळायचं. समोर कोण आहे ते बघून सुरुवात बदलायची नाही. जलद डावांत, म्हणजे पंधरा मिनिटं अधिक दहा सेकंदांसारख्या, मी हे थोडं सैल करतो. तिथे समोरच्याला विचार करायला लावणं हेच भांडवल असतं. तुमचा डाव तसा नव्हता.

घड्याळाचं बघा. तुम्ही स्कोअरशीटवर अधूनमधून वेळ लिहिलीत, ही फार चांगली सवय. चोविसाव्या चालीला तुमच्याकडे ६८ मिनिटं होती, चौतिसाव्याला ६६. मधल्या दहा चालींची पाच मिनिटं घड्याळानं वाढवून दिली, म्हणजे तुम्ही त्या दहा चाली सात मिनिटांत खेळलात. घोडा गेला, वजीर गेले, दोनदा बरोबरी मागितली, सगळं सात मिनिटांत. आणि हरलात तेव्हा ७१ मिनिटं शिल्लक. तो सावकाश खेळत होता म्हणून तुम्ही भराभर खेळलात का? बहुतेक तसंच. मोठ्यासमोर आपण विचार करत बसलो तर त्याला वाटेल याला येत नाही, ही लाज मला चांगली माहीत आहे. शिल्लक मिनिटं घरी नेता येत नाहीत.

बरोबरीबद्दल आधी नियम, कारण पंच आले तिथे तुमची बाजू लंगडी होती. आपली चाल पटावर करायची, मग तोंडानं बरोबरी विचारायची, मग घड्याळ दाबायचं. त्याच्या वेळेत विचारायचं नाही. स्कोअरशीटवर त्या चालीपुढे बरोबरचं चिन्ह लिहायचं. तो तोंडानं नाही म्हणू शकतो किंवा गपचूप पुढची चाल करू शकतो, दोन्ही नकारच. स्थितीत काही बदल नसताना पुन्हा पुन्हा विचारलं तर ते त्रास देणं धरता येतं. दोन वेळा विचारणं हा काही गुन्हा नाही, पण तुम्ही लिहिलंय की चौतिसाव्याला तो विचार करत असताना विचारलंत. त्यानं हात वर केला यात त्याचं चुकलं नाही.

आणि नियमापलीकडचं सांगतो, या बाजूच्या खुर्चीतून. कमी रेटिंगचा खेळाडू एक प्यादं वर असताना बरोबरी विचारतो तेव्हा आम्हाला काय ऐकू येतं? ‘मला पुढे काय करायचं कळत नाहीये.’ तोपर्यंत मी काळजीत असतो. प्यादं गेलंय, रात्री घरी काय सांगू, हे सुरू असतं. तुम्ही विचारलंत की माझा चहा गोड होतो. माझा मुलांना नियम असा: चांगल्या स्थितीत बरोबरी विचारायची नाही, वाईट स्थितीत विचारून मिळत नाही, तेव्हा विचारायचा प्रश्न फार थोड्या वेळा येतो. एकच अपवाद, शेवटची फेरी आहे आणि अर्ध्या गुणानं बक्षीस नक्की होतंय. तिथे ज्याचा त्याचा व्यवहार.

आता तुमच्या डावातली जी गोष्ट मला सगळ्यात लागली ती. बावन्नावी चाल. पटावर उरलंय काय: तुमचा राजा डी१, हत्ती ए१. त्याचा राजा ई४, प्यादं डी४, हत्ती एच२. एक प्यादं कमी, आणि तुम्ही लिहिलंय ‘इथे डाव गेलेलाच होता’. गेलेला नव्हता हो! ही अठराव्या शतकातल्या फिलिडोरच्या नावानं ओळखली जाणारी बरोबरी आहे. हत्ती ए३ ला उचलायचा. तिसऱ्या पट्टीवर तो उभा असेपर्यंत त्याच्या राजाला पुढे पाऊल टाकता येत नाही. मग तुम्ही त्याच पट्टीवर बी३, ए३ असं करत बसायचं. तो कंटाळून प्यादं डी३ ला ढकलेल, त्याच क्षणी हत्ती थेट आठव्या पट्टीवर न्यायचा आणि मागून शह देत सुटायचं. प्यादं पुढे गेल्यामुळे त्याच्या राजाला लपायला आडोसा राहत नाही. बरोबरी.

तुम्ही हत्ती बी१ ला नेलात. राजाजवळ असावा म्हणून. अर्ध्या मिनिटात खेळलेली चाल. त्याचा राजा ई३ ला घुसला आणि नऊ चालींत संपलं. अठ्ठाविसाव्या चालीपासून तुम्ही जी बरोबरी मागत होता ती बावन्नाव्याला पटावर पडलेली होती, कोणाला विचारायची गरज नव्हती.

मला हे लागलं कारण मी अगदी हेच केलंय. भुसावळला, रेल्वेतल्या आमच्या काळात, माझ्याहून बऱ्याच मोठ्या खेळाडूसमोर. काळी मोहरी होती म्हणून पट्टी सहावी, एवढाच फरक. मी हत्ती सहाव्या पट्टीवर ठेवायचं सोडून आठव्या पट्टीवर राजाच्या सोबतीला बसवला. घाबरलेला माणूस घरातल्यांना एका खोलीत गोळा करतो तसं. मधल्या प्याद्यासमोर तो पहारा टिकत नाही. डाव संपल्यावर त्या गृहस्थांनी चहा पाजला आणि बशीवर साखरेचे दाणे मांडून मला दाखवलं की हत्ती कुठे असायला हवा होता. मला तेव्हा इतका राग आला होता की मी चहा अर्धा टाकून प्लॅटफॉर्मवर निघून गेलो. ती स्थिती मात्र त्यानंतर कधी हरलो नाही.

तेव्हा तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर एकत्र करून देतो. अख्खा मोहरा वर असाल तर मारामारी करा, बेधडक. फक्त प्यादं वर असाल तर प्रत्येक अदलाबदलीआधी विचारा की जाणारा मोहरा कोणाचा जास्त कामाचा आहे. बरोबरीच्या शांत स्थितीत स्वतःहून वजीर काढून देऊ नका, जोवर पुढचा अंत्य डाव तुम्हाला झोपेतून उठवलं तरी खेळता येत नाही. आणि असे अंत्य डाव तुमच्याकडे किमान दोन असायला हवेत: एका प्याद्याविरुद्ध राजानं समोरासमोर उभं राहणं, आणि हा वरचा हत्तीचा.

करायचं काय ते सांगतो. संगणकाचं इंजिन बंद ठेवून चोविसाव्या चालीची स्थिती मांडा आणि एखाद्या तगड्या मित्राला काळ्या बाजूनं बसवून पंधरा-पंधरा मिनिटांचे पाच डाव तिथून खेळा, घोडा न हलवता. मग बावन्नाव्याची मांडा आणि बरोबरी राखून दाखवा, त्याचेही पाच. चोपड्यात कोणी नसेल तर शाळेतलीच दोन हुशार पोरं पकडा, तीही शिकतील.

तुम्ही खाली एक ओळ लिहिली होती, की यापुढे फक्त १६०० च्या खालच्या स्पर्धा खेळू का. पैशाचा आणि रजेचा हिशेब तुमचा, त्यात मी पडत नाही. खेळाचंच विचाराल तर एक तशी खेळा, दोन खुल्या खेळा. तिथे जिंकायची सवय लागते, इथे डी७ चा उंट कोणाला द्यायचा नाही ते कळतं. आणि पुढच्या वेळी जळगावला याल तेव्हा सकाळच्या डावानंतर शेवभाजी नको. दुपारी तीनच्या फेरीला त्या हॉलमध्ये अर्धे लोक कूलरसमोर डुलक्या घेत असतात, मी त्यातलाच एक. दहीभात खा आणि पेअरिंग लागायच्या आधी बाहेर झाडाखाली दहा मिनिटं बसा.